आकाशातून न दिसणारी काकडी

शेतात पीक आहे की नाही हे ठरवण्यासाठी पूर्वी शेतात जावं लागे. त्यात साहेबांच्या बुटांना चिखल लागायचा, कुत्री अंगावर यायची आणि कधी कधी पीक खरोखरच असायचं, त्यामुळे आधीच लिहून ठेवलेला अहवाल बदलावा लागायचा. हे गैरप्रकार थांबावेत म्हणून पिकांच्या खात्याने पाहणी आकाशातून करायचं ठरवलं. ड्रोन उडेल, फोटो काढेल. हिरवं दिसेल ते पीक, न दिसेल ते पडीक. निर्णय अत्यंत शास्त्रीय होता. आत्याचं शेत तेवढं मधे आलं.

आत्या म्हणजे खरं तर गावातल्या वायरमनची आत्या. त्याने लहानपणी गल्लीबोळातून 'आत्या, आत्या' म्हणून इतक्या हाका मारल्या, की हळूहळू ती सगळ्या गावाचीच आत्या झाली. तोंडाने फटकळ, हाताने सढळ आणि काकडीच्या बाबतीत पुरती वेडी. काकडीच्या वेलाशी ती जेवढं बोलायची तेवढं माणसांशी बोलत नसे, आणि वेलांना माणसांपेक्षा कमी शिव्या मिळायच्या.

तिला 'एक शेत, दोन पिकं' या योजनेत ओढलं ते याच भाच्याने. वर उन्हाचं पीक, म्हणजे वीज; खाली मातीचं पीक, म्हणजे काकडी.

"आत्या, तुला काही करायचं नाही," तो म्हणाला. "वरचं ऊन तर तसंही वायाच जातं."

"वाया कसं जातं? माझ्या टाळक्यात जातं की!" आत्या म्हणाली. पण भाच्यापुढे तिचं काही चालत नसे.

शेतात लोखंडी खांब रोवले गेले. डोक्यावर पाटी घेतलेली बाई खालून सहज जाईल इतक्या उंचीवर काळीभोर पॅनेल चढली. आणि मग जे कुणाच्याच नियोजनात नव्हतं ते घडलं: योजना यशस्वी झाली. वर वीज तयार होऊ लागली. खाली सावलीत माती ओल धरू लागली, वेल माजले, काकडी अशी कोवळी आणि रसरशीत धरली की आत्याने आयुष्यात पहिल्यांदा सरकारबद्दल एक बरा शब्द काढला. तो तिला पुढे परत घ्यावा लागला.

ड्रोन आला, घिरट्या घालून गेला. चार दिवसांनी पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी ज्याच्या त्याच्या शेताकडे वळवणारा माणूस, बांधावर आला. गुडघाभर वेलांत उभा राहून, अंगाला लागणारी पानं हाताने बाजूला सारत तो म्हणाला, "आत्या, तुझं पाणी बंद झालं. तुझ्या शेतात पीक नाही."

"मग हे पायात काय अडकलंय तुझ्या?"

"मला दिसतंय गं. पण मला दिसून काय उपयोग? त्यांना दिसलं नाही ना. पीक नाही तर पाणी नाही, असा हुकूम आहे."

आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने पाटीभर काकड्या तोडल्या, पाटी डोक्यावर घेतली आणि थेट पिकांच्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ओतली. त्यातली एक घरंगळत जाऊन साहेबांच्या चहाच्या कपाला टेकली.

पिकांचे साहेब सभ्य गृहस्थ होते. त्यांनी काकडी उचलली, पुसली, खिशातल्या छोट्या चाकूने कापली आणि शिपायाकडून मीठ मागवून खाल्ली.

"फार गोड आहे," ते म्हणाले. "पण ही आकाशातून दिसत नाही."

"वर पॅनेल आहेत, साहेब. तुमच्याच योजनेतली. त्यांच्याखाली आहे काकडी."

"असेल. मी नाही कुठे म्हणतोय? मी तर खातोय. पण नोंद डोळ्यांनी होत नाही, आणि तोंडाने तर मुळीच होत नाही."

"मग तुमच्या ड्रोनला जरा खाली वाकून बघायला सांगा."

साहेबांनी दुसरी काकडी कापायला घेतली. "बाई, ड्रोनला वाकण्याची तरतूद नाही."

मग आत्या विजेच्या साहेबांकडे गेली. त्यांचं कार्यालय त्याच इमारतीत, त्याच जिन्याच्या दुसऱ्या टोकाला होतं, पण दोन्ही साहेब एकमेकांना फक्त पत्राने भेटत. एखाददुसरं पॅनेल बाजूला केलं तर वरून काकडी दिसेल, असं आत्याने सुचवलं. विजेच्या साहेबांनी कानांवर हात ठेवले. पॅनेल ही राष्ट्राची संपत्ती होती आणि तिला हात लावणं हा गुन्हा होता. मात्र आत्याची तळमळ पाहून त्यांचंही मन द्रवलं आणि दोन्ही खात्यांची समन्वय बैठक बोलावण्यात आली.

बैठकीत कुणी चुकीचं काही बोललं नाही. पीक वरून दिसलं पाहिजे, असं पिकांचे साहेब म्हणाले. पॅनेल हलता कामा नयेत, असं विजेचे साहेब म्हणाले. दोन्ही गोष्टी मान्य केल्यावर उत्तर एकच उरत होतं आणि ते एकमताने मंजूर झालं: पीक पॅनेलच्या वर न्यावं.

"वर?" आत्याला आधी वाटलं आपल्याला ऐकूच नीट आलं नाही.

"ट्रेमध्ये," भाचा तिच्या कानाशी लागला. "मातीचे मोठे ट्रे. मी बसवून देतो. मलाच दिलंय काम."

"अरे, वर काकडी लावल्यावर त्या पॅनेलांना ऊन कुठून मिळणार?"

"आत्या, तो विषय आजच्या बैठकीत नाहीये."

ट्रे चढले. आत्या शिडीवरून वर जाऊन, जिवंत वेल उपटून एकेक करून ट्रेमध्ये लावू लागली. लावताना ती वेलांशी एक अक्षर बोलली नाही. ड्रोन आला, हिरवं बघून गेला, आणि आत्याच्या शेतात पीक असल्याचं अखेर सिद्ध झालं. पाटकऱ्याने पाणी सोडलं. पाणी आलं ते अर्थातच खाली, मोकळ्या मातीत. आणि वेल तहानलेले उभे वर. ते पाणी वर चढवायचं तर पंप हवा होता. पंपाला वीज हवी होती. वीज ट्रेच्या सावलीत बसली होती.

तेवढ्यात विजेच्या साहेबांची नोटीस आली: आपल्या शेतातील वीजनिर्मिती शून्यावर आली असून ही बाब गंभीर आहे. आत्याने आता हात टेकले. भाच्याने टेकले नाहीत, कारण पुढचंही काम त्यालाच मिळणार होतं. ट्रे हातभर उंच उचलायचे आणि ट्रे व पॅनेल यांच्या मधल्या जागेत मोठाले दिवे लावायचे. दिव्यांचा उजेड पॅनेलवर पडेल, वीज तयार होईल. उन्हाचा पाऊसपाण्यात भरवसा नसतो, दिवे मात्र खात्याच्या ताब्यात राहतात, असं टिपणही विजेच्या साहेबांनी कौतुकाने लिहिलं.

"आणि त्या दिव्यांना वीज कुठली?" आत्याने विचारलं.

"गावची."

"मग गावाला?"

भाचा पक्कड खिशात घालून शिडीवरून उतरला आणि म्हणाला, "गावाने थोडा त्याग करायला नको?"

दिवे लागले, मीटर फिरू लागलं. जेवढी वीज दिवे खात होते तिच्यातली थोडीशी पॅनेल परत देत होती आणि त्या एवढ्याशा विजेचा तक्ता कार्यालयात रंगीत कागदावर लागला. गावातली वीज दिवसा जाऊ लागली, मग संध्याकाळीही. गिरणी बंद, दवाखान्यातला पंखा बंद. आत्याचा पंप तर कधी चालूच झाला नाही. ट्रेमधले वेल आधी माना टाकून बसले, मग करपून गेले. आत्या शिडीच्या वरच्या पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत राहिली. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. पुढच्या पाहणीत हिरवं दिसलं नसतं, पण दोन्ही खाती आता तिच्या पाठीशी ठाम उभी होती. करपलेल्या वेलांच्या जागी प्लॅस्टिकचे वेल आले. ते उन्हाने सुकत नाहीत, त्यांना पाणी लागत नाही आणि आकाशातून ते खऱ्यापेक्षा हिरवे दिसतात.

पाणी मात्र नियमाने येत राहिलं, कारण आता पीक होतं. त्या रिकाम्या चिखलात कधीतरी खाली पडलेलं काकडीचं बी रुजलं. आत्याला ते दिसलं तेव्हा वेलाला चार पानं फुटली होती. ती गुडघे टेकून त्याच्यापाशी बसली.

"आलास का रे मेल्या?" ती म्हणाली. कित्येक दिवसांनी ती वेलाशी बोलत होती. तिने त्याला खांबाचा आधार दिला. वेल झरझर चढला, आणि चढत चढत थेट दिव्यांपर्यंत पोचला. त्याच्या पानांनी एक दिवा झाकला. पॅनेलचं मीटर किंचित मंदावलं.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात योजनेला पुरस्कार मिळाला होता आणि दोन्ही साहेब, प्रथमच एका गाडीतून, शेतात आले होते. सोबत फोटोग्राफरही होता. विजेच्या साहेबांनी वर बघितलं.

"हे काय?"

"काकडी," आत्या म्हणाली. "खरी. खालून उगवलीय."

"हिची मंजुरी आहे का?" त्यांनी पिकांच्या साहेबांना विचारलं.

पिकांच्या साहेबांना त्या पहिल्या काकडीची चव आठवली असावी. त्यांनी खिशातला चाकू चाचपला. मग म्हणाले, "आमच्या नोंदीतलं पीक वर आहे. खालचं आमचं नाही."

"आत्या, कापून टाक," भाचा हळूच म्हणाला. "उगाच लफडं नको. तुझं पाणी जाईल परत."

आत्याने त्याच्याकडे बघितलं. पाण्यासाठी पीक सोडायचं, की पिकासाठी पाणी, हे तिला आता उमगेनासं झालं होतं. तिने विळा आणला. एका हाताने वेल धरला आणि दुसऱ्या हाताने मुळापासून कापला. त्याला बोटाएवढी एक काकडी धरली होती, ती तिच्या हातात आली आणि वेल खांद्यावर कोसळला.

"आत्या, इकडे बघा, इकडे!" फोटोग्राफर ओरडला. "जरा हसा!"

तो फोटो तुम्ही पाहिलाय. एका हातात विळा, दुसऱ्यात कोवळी काकडी, खांद्यावर हिरवा वेल, मागे चमकणारी पॅनेल आणि डोळ्यांत पाणी आलेली एक म्हातारी शेतकरीण. तुम्ही तो सकाळी चहा पिता पिता सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, 'पहिल्या काढणीचे आनंदाश्रू!' आत्याने तो अजून पाहिलेला नाही. तिचा फोन कधीचा बंद पडलाय, आणि चार्ज करायला गावात वीज नाही.