अकरा घरांची म्हैस

आपण कुठं राहतो हे माणसाला स्वतःहून सांगता येत नाही; ते नकाशाला विचारावं लागतं. माणूस खेड्यात झोपतो आणि शहरात उठतो, मधल्या वेळात त्यानं कूससुद्धा बदललेली नसते. यालाच प्रगती म्हणतात.

ही प्रगती आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या हरिओम कॉलनीवर चालून आली. कॉलनी ग्रामपंचायतीत मोडते. शेजारच्या शहराला वाढायचं होतं, आणि शहर नेहमी दुसऱ्याच्या जागेत वाढतं. (माणसांचंही तसंच असतं, पण आपल्या शेजाऱ्यांविषयी मी छापील बोलत नाही.) एक अधिकारी मुआयना, म्हणजे पाहणी, करणार होते. वस्ती शहरी दिसली तर नगरपालिकेत, गावठी दिसली तर आहे तिथंच.

कॉलनीची सभा भरली. अध्यक्ष यशवंतराव, पाटबंधारे खात्यातून सेवानिवृत्त, यांनी तोटे मांडले: घरपट्टी वाढेल आणि विनापरवाना बांधलेले जिने कुणीतरी मोजेल. फायदा एकच, पत्त्यात शहराचं नाव. ते तर आम्ही आजही लिहितोच. ठराव एकमतानं मंजूर झाला की आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे खेडूत आहोत.

अडचण पुराव्याची होती. कॉलनीत शेती करणारे: तुळशीची कुंडी धरल्यास सर्व, न धरल्यास निरंक. जनावरं: एक. ही चंद्री नावाची म्हैस, डावं शिंग मोडलेलं, मालकीण कुसुमबाई. कॉलनी उभी आहे ते वावर कुसुमबाईच्या सासऱ्याचं. वावर गेलं, टोकाचा गोठा राहिला. कॉलनीचा सकाळचा चहा त्याच गोठ्याच्या दुधावर होतो. (गोठ्याच्या वासाच्या तक्रारीही तोच चहा पिताना केल्या जातात.) शहराच्या हद्दीत गोठा चालत नाही. म्हणजे आमचा जीव जिन्यात अडकला होता आणि कुसुमबाईचा चंद्रीत.

यशवंतराव शिष्टमंडळ घेऊन गोठ्यात गेले, प्रथमच नाकाला रुमाल न लावता.

"कुसुमताई, तुमची म्हैस म्हणजे कॉलनीची अब्रू."

"काऊन? परवा तं वास येते म्हनत होते."

"तो मातीचा सुगंध हो. एक दिवस द्या आम्हाला."

"कोनाले देऊ? घरं अकरा, म्हैस एक."

"आळीपाळीनं."

कुसुमबाईनं चंद्रीकडं पाहिलं, चंद्रीनं यशवंतरावांकडं. "संध्याकाळी दूध काढाच्या आंदी आनून द्याजा," कुसुमबाई म्हणाल्या.

मग कॉलनीनं खेडं उभारलं. गणिताच्या शिक्षिका पद्मिनीबाईंनी अंगणातल्या टाइल्सवर शेणसडा घातला (आधी फिनाइलनं पुसून). बँकेतले राघवेंद्र धोतर नेसले, आत सुरक्षिततेसाठी जीन्स ठेवून. एकानं कारवर कडबा रचला. चंद्रीच्या मोडक्या शिंगाला बेगड लावली, कपाळाला बाशिंग बांधलं. पोळा बैलांचा असतो ही माहिती उशिरा मिळाली.

अधिकारी आले. व्यंकटेश सार, माणूस सज्जन, मराठी समजणारे, हातात फाइल. पहिल्या दारी चंद्री निळी चादर पांघरून उभी होती. सारांनी नोंद केली आणि चहाला आत गेले. चहा होईपर्यंत चंद्री मागच्या गल्लीनं दुसऱ्या दारी, मोरांची चादर पांघरून हजर. तिसऱ्या दारी फुलांची. सातव्या घरापर्यंत तिला वाट पाठ झाली होती. चादर नेणारेच मागं पडले. सारांना अकरा वेळा चहा घ्यावा लागला. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही, इतके ते कर्तव्यकठोर.

"सबका बायाँ सींग टूटा है?" त्यांनी विचारलं.

"इकडची हवाच तशी हाय, सार," यशवंतराव म्हणाले.

सारांनी लिहिलं: स्थानिक जात, डावशिंगी, संवर्धनास पात्र.

शेवटी गोठा. चंद्री तेव्हा अकराव्या दारी बांधलेली, म्हणून गोठा रिकामा.

"अम्मा, तुमची भैंस?"

"ड्यूटीवर गेली, सार."

"परत केव्हा?"

"तुमी गेले का येते."

सारांनी कुसुमबाईच्या नावापुढं निरंक लिहिलं आणि बाथरूम कुठं आहे ते विचारलं.

अहवाल आला. त्यातला युक्तिवाद इतका निर्दोष होता की मी तो दोनदा वाचला. भीमपूरकडच्या गावांत ट्रॅक्टर आले, जनावरं गेली. आज कुठल्याही खऱ्या खेड्यात घरटी एक म्हैस आढळत नाही. सबब हे खेडं नव्हे, दुग्धव्यवसाय आहे. व्यवसाय म्हणजे बिगरशेती, बिगरशेती म्हणजे शहर. हरिओम कॉलनी नगरपालिकेत घेण्यात येत आहे. अकरा म्हशी हद्दीबाहेर काढाव्यात. न काढल्यास त्या लपवल्याचा गुन्हा.

म्हशी नव्हत्याच असं सांगावं, तर मुआयन्यात फसवणूक केल्याचं कबूल करावं लागणार, आणि मग जिने. शिष्टमंडळ पुन्हा गोठ्यात गेलं. कुसुमबाई शेणाच्या पाटीवर बसून पोट धरधरून हसल्या.

"म्हंजे तुमच्या म्हशी बाहेर काढाच्या, अन् माहीवाली?"

"तुमची नोंदच नाही," पद्मिनीबाई म्हणाल्या, आणि गणिताच्या शिक्षिका असल्यामुळं पुढचं गणित त्यांना तिथंच सुटलं.

"मंग चंद्रीलेच अकरा खेपा बाहेर नेते मी," कुसुमबाई म्हणाल्या. "पन वास येते म्हनाचं नाई. अन् गोठा रोज एका घरानं झाडाचा."

ठरल्या दिवशी हद्दीवरच्या पुलावर नगरपालिकेचा माणूस खुर्ची टाकून बसला. चंद्री निळी चादर पांघरून बाहेर गेली, जोंधळ्यातून वळसा घालून आत आली आणि मोरांची पांघरून पुन्हा बाहेर गेली.

"सगळ्या सारख्याच दिसून राह्यल्या," माणूस म्हणाला.

"एकाच आईच्या हाय," यशवंतराव म्हणाले.

"अकराही?"

"बाई खानदानी होती."

शहर म्हैसमुक्त जाहीर झालं. संध्याकाळी चंद्री आपल्या गोठ्यात रवंथ करत बसली. ती पूर्ण कायदेशीर आहे, कारण ती नाही. राघवेंद्र आज गोठा झाडून गेले. उद्या माझी पाळी.

तुम्ही हसत असाल. शहरातले वाचक आहात, हसायला हरकत नाही. फक्त हसून झालं की एकदा आपल्या वॉर्डाची फाइल काढून बघा. तिच्यात बाग आहे, तळं आहे, दोन्ही बाजूंनी फुटपाथ आहे. मग खिडकी उघडा.

आमची म्हैस कागदावर नाही, पण दूध देते.