पठारच्या मोटारीस कॉइल निवडिली ती हकीकत

श्रीगणरायाचे पायी मस्तक ठेवोन, ज्यांनी डोळां पाहिले त्यांचे तोंडून ऐकोन लिहिले ऐसे. शके एकोणीसशे एकवीस, प्रमाथीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, डोंगरांच्या एका मुलखात पठारावर बारा वाड्या होत्या आणि दवाखाना घाटाखाली पेठेत होता. तेथील परिचारिका सगुणाबाई खरवते, बहुत धीराच्या, यांजपाशी तीस वर्षांची मोटार होती आणि ती स्वतः हाकोन त्या घाट चढत आणि अडल्या बाळंतिणीस खाली आणीत. परंतु मोटारीचे ठिणगी पाडणारे पॉइंट वरचेवर झिजत आणि ठिणगी मंदावे आणि मोटार घाटात उभी राही. मागील पावसाळी दोघी बायका वाटेतच बाळंत जाहल्या आणि एकीचे मूल गेले. ते दुःख बाईंचे मनी सलत राहिले.

मग बाईंनी दाऊद मिस्त्रींस बोलाविले. मिस्त्री हाताचे कसबी, परंतु मानी. त्यांनी मसलत दिली की पॉइंट काढोन त्यांचे जागी इलेक्ट्रॉनिक डबी बसवावी आणि ठिणगीस जोर देणारी कॉइलही नवी घ्यावी. मग उभयतां रेवाशेठ यांचे दुकानी गेली आणि शेटजींनी लाल रंगाची थोरली कॉइल पुढे ठेविली आणि म्हणाले, “ही शर्यतीच्या गाड्यांस बसते. ठिणगी म्हणाल तर वीजच!” बाईंनी पुसले, “आपल्या डबीला चालेल ना?” मिस्त्री हसोन बोलिले, “बाई, जास्त जोर कुणाला नको असतो?” आणि डबीचा कागद न वाचिता तीच लाल कॉइल बसविली. मोटार पेठेतून वाऱ्यासारखी निघाली आणि घाटाचे तिसरे वळणी जळका वास सुटला आणि डबी करपोन मोटार थंड जाहली. बैल लावोन खाली आणिली. पेठेतले लोक हसले.

मिस्त्री दोन दिवस कोणास दिसले नाहीत. मग बाईंचे दारी येवोन उभे राहिले आणि म्हणाले, “चूक शेटजींची नाही, डबीचीही नाही. माझी. कागदावर लिहिलं होतं, तीन ओहमाखालच्या रोधाची कॉइल लावू नये. ती लाल एक ओहमही भरत नाही. तिनं भलताच करंट ओढला आणि डबी जाळली.” बाई बोलिल्या, “मिस्त्री, पठारावरच्या चंद्रभागेचे दिवस भरलेत. पुढं काय करायचं ते सांगा.”

मग मिस्त्री मीटर घेवोन दुकानी गेले आणि एकेक कॉइल मोजीत बसले आणि शेटजींनी लाज धरोन मागील फळीवरील धुळकट काळी कॉइल स्वहस्ते पुसोन दिली. म्हणाले, “हिला कोणी विचारत नाही.” मीटरचा काटा तीनावर ठरला. मिस्त्रींनी नवी डबी जोडिली आणि वाटेत वीज अडविणारी जुनी रोधक तार काढोन बॅटरीचे पुरे बारा व्होल्ट कॉइलीस पोचविले आणि तासभर इंजिन चालवोन डबीवर हात ठेवोन पाहिला. कोमट होती, इतकेच.

चौथे दिवशी दोन प्रहरी सांगावा आला की चंद्रभागेस कळा लागल्या आणि मूल आडवे आहे. मोटार निघाली आणि मिस्त्री न बोलाविता शेजारी बसले. तिसरे वळण आले तेव्हां मिस्त्रींनी डोळे मिटले. बाई म्हणाल्या, “उघडा डोळे. वळण मागं पडलं.” मग चंद्रभागेस घेवोन मोटार न थांबता दवाखान्यात पोचली आणि डॉक्टरांनी पोट चिरोन मुलगी सुखरूप काढिली आणि आईही वाचली. मिस्त्री ओसरीवर बसोन रडले आणि त्यांस कोणी हसले नाही.

तात्पर्य, मोठी कॉइल ती चांगली ऐसे नव्हे. जुळेल ती चांगली. तेथोन पुढील वर्षभरात मोटार घाट एकोणचाळीस वेळां चढली आणि एकही मूल रस्त्यावर जन्मले नाही.