खालची रांग मोकळी

अकराला दहा मिनिटं कमी होती आणि घरातलं प्रत्येक माणूस कॉलवर होतं. नेटवर्क इंजिनिअरच्या पायाला भिंगरी लागली होती. अकराला त्याला घरूनच, ऑनलाइन, मोठ्या साहेबांपुढे आपली योजना मांडायची होती: तुटपुंजं इंटरनेट ऑफिसात सगळ्यांना न्यायाने कसं वाटायचं. योजना पटली तर विभागप्रमुखाची खुर्ची, नाहीतर पुन्हा केबलींशी संसार.

तालीम म्हणून त्याने घरच्या राउटरवर दोन रांगा लावल्या होत्या. वरची कॉलची, मोठ्या वाट्याची. खालची करमणुकीची, चिमूटभर. एकीचं दुसरीला मिळणार नाही. जेवताना त्याने हे घरच्यांना वीस मिनिटं समजावलं होतं. कोणी ऐकत नाहीये असं त्याला वाटलं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं.

"आप्पा, मॅच जरा बंद करता?" तो सासऱ्यांच्या खोलीत डोकावला.

"मॅच कुठली? मी कॉलवर आहे." आप्पांच्या फोनात समोरच्या इमारतीतल्या मित्राचा टीव्ही दिसत होता. मित्राने व्हिडिओ कॉल लावून फोन टीव्हीपुढे उभा केला होता. "खालच्या रांगेत फुटबॉल फार अडकतो, जावईबापू. कॉलला पहिला मान, तुम्हीच म्हणालात."

स्वयंपाकघरात बायकोची तीच तऱ्हा. "ताई, फोन डावीकडे घे गं, सासूचं तोंड दिसत नाहीये!" बहिणीच्या टीव्हीवरची मालिका ती कॉलवरून बघत होती. "आणि तू असा बघू नकोस. नियम तुझाच."

अकरा वाजले. "आमच्या पद्धतीत महत्त्वाचं काम कधीच..." इतकं बोलून त्याचा चेहरा पडद्यावर आ वासून थिजला. साहेबांचा फोन आला, "काम कधीच काय?"

तो पुन्हा खोल्याखोल्यांतून धावला. "पेनल्टी आहे, दोनच मिनिटं!" आप्पा म्हणाले. राउटरवरच्या रांगा बदलायच्या तर तो बंद करून पुन्हा शुद्धीवर यायला दहा मिनिटं. त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"बाबा, खालची रांग अख्खी मोकळी आहे की," मुलगी म्हणाली. "तिकडे आता कुणीच जात नाही. माझ्या चॅनलवरून लाइव्ह जा."

त्याने साहेबांना लिंक पाठवली, आणि पुढची पंधरा मिनिटं त्यांनी न्याय्य वाटपाची योजना नखं रंगवायच्या चॅनलवर पाहिली. एकदाही अडकली नाही. मग त्यांनी फोन केला. "कॉल अडकतो आणि करमणूक सुरळीत? हे कसं?"

खोटं बोलायला त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. "साहेब, घरात आता कोणी करमणूक करतच नाही. सगळे कॉलवर असतात. आमचे आप्पा तर मित्राच्या टीव्हीवरची मॅचही कॉलवरूनच बघतात."

"म्हणजे ऑफिसात हे लावलं, तर सगळे दिवसभर मीटिंगमध्ये दिसणार?"

"हो साहेब." खुर्ची गेली, हे त्याने मनाशी धरलं.

"बरं झालं, तुमच्या घरातच कळलं. योजना पुन्हा लिहा. विभागप्रमुख म्हणूनच लिहा."

तेवढ्यात आतून आप्पांची आरोळी आली, "गोऽल!"

मग साहेबांनी आवाज खाली आणला. "नवी योजना पुढच्या महिन्यात आली तरी चालेल. तोवर आप्पांच्या त्या मित्राचा नंबर द्याल का?"