नानांचा देवमासा

शेजारच्या नानांसमोर कोणी देवमाशाला मासा म्हणालं, की ते हातातला घास खाली ठेवायचे. “मासा नव्हे. आपल्यातलाच आहे. पिलांना दूध पाजतो. नाव तेवढं चुकीचं पडलंय.” जळगावच्या एका शाळेत ते शास्त्र शिकवत. समुद्र मात्र उभ्या जन्मात पाहिलेला नव्हता.

रविवारी ते मेहरूणच्या तलावात गळ्यापर्यंत उतरायचे आणि म्हशी धुणाऱ्यांना सांगायचे, “त्याचे पूर्वज चार पायांवर चालत. आधी काठाकाठानं, मग खोल पाण्यात. पुढच्या पायांची वल्ही झाली, मागचे आटले. आत जरा हाडं उरली, बस. पाणी वजन तोलतं, म्हणून एवढा वाढू शकला.”

“मनी म्हैस बी जाई का मंग समिंदरमा?” एकानं आपल्या म्हशीकडे बोट दाखवून विचारलं.

“लाखो वर्षं लागतील,” नाना गंभीरपणे म्हणाले. “तोवर दूध काढा.”

लग्न केलं नव्हतं. शिकायला म्हणून लहानपणीच आपलं गाव, फैजपूर, सोडलेलं. निवृत्त झाल्यावर धाकटा भाऊ न्यायला आला. “नाना, पुरे झालं एकटं राहणं. घर तुमचंच आहे.” नानांनी भांडीकुंडी वाटून टाकली, खुर्ची आम्हाला दिली आणि हसत गेले.

पोळ्याच्या सुमारास ट्रंक घेऊन परत आले.  मी त्यांची खुर्ची पुढे केली.

“सगळे चांगले आहेत हो,” तेच म्हणाले. “भावजय रोज माझं ताट वेगळं वाढायची, पाहुण्याचं वाढतात तसं. केळीच्या बागेत गेलो, की भाऊ म्हणे, तुम्ही सावलीत बसा. एकदा घरच्या बोलीत बोलायला गेलो, तर पोरं हसली. माझं काय चुकत होतं, कळेना.”

थोड्या वेळानं ते माझ्या बायकोला म्हणाले, “अक्का, तुमचं माहेर तिकडचंच ना? माझ्याशी तशाच बोलत जा. चुकलो तर सांगा.”

मास्तरांसमोर तिनं माहेरची बोली कधी काढली नव्हती. पदर सावरून ती म्हणाली, “मंग जेवाले बसा न भाऊ. कयन्याची भाकर केली.”

“कळण्याची भाकर,” ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीचं नाव नाना पुटपुटले.

“कयन्याची,” ती हळूच म्हणाली.

नानांनी पुन्हा म्हणून पाहिलं.