पाताडेकाकांचा इंग्रजी प्रतिकार

डोंबिवलीतल्या 'सुगंधा' सोसायटीच्या कुंपणाला लागून असलेल्या रिकाम्या प्लॉटवर रोज संध्याकाळी सहा ते नऊ एका पथकाचे चाळीस ढोल वाजत. गणपतीला महिना होता आणि सेक्रेटरी रवींद्र पाताडे यांच्या मुलीच्या, संचिताच्या, सीएच्या परीक्षेला वीस दिवस. ती कानात कापूस कोंबून अभ्यास करायची. जेवायला बोलवायचं तर आईला, म्हणजे शालनताईंना, तिच्या वहीवर 'भात वाढलाय' असं लिहावं लागे.

पाताडे एकदा प्लॉटवर जाऊन आले होते. "बंद करा!" असं दोन्ही हात हलवून ओरडले. त्या दणदणाटात शब्द कुणालाच ऐकू गेले नाहीत. हातवारे मात्र सगळ्यांना आवडले. पोरांनी त्यांच्या हातात ध्वज दिला आणि अर्धा तास नाचवून घरी पाठवलं.

"आता लेखी द्यायचं, तेही इंग्रजीत," त्यांनी जाहीर केलं. "इंग्रजीचं वजन पडतं."

"मग आधी संचिताला दाखवा," शालनताई म्हणाल्या.

"तिचा अभ्यास मोडू? आणि मी बत्तीस वर्षं ठाण्याच्या ऑफिसात पत्रं रवाना केली, ती काय उगाच?"

शब्दकोशात प्रतिकार करणे याला 'रेझिस्ट' दिलं होतं. आता आमच्याने प्रतिकार होत नाही, या अर्थी त्यांनी लेटरहेडवर ठणकावलं: 'वी कॅनॉट रेझिस्ट युवर ड्रम्स एनी मोर.' खाली सोसायटीचा गोल शिक्का.

पथकप्रमुख रतनचं इंग्रजी जाहिरातींवर पोसलेलं. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन दारात.

"काका, चॉकलेटच्या ॲडमध्ये असतं ना, मोह आवरत नाही, सेम तसंच लिहिलंय तुम्ही! पोरं रडली ओ. इथे सगळे शिव्याच घालतात. तुमच्यासाठी आजपासून दहापर्यंत वाजवतो."

पाताड्यांच्या तोंडातला पेढा उतरेपर्यंत रतन जिना उतरून गेला.

"शब्द मवाळ पडला," पाताडे म्हणाले आणि पुन्हा शब्दकोश घेऊन बसले. सामना करणे म्हणजे 'विथस्टँड'. 'वी विल विथस्टँड यू टिल द एंड!' या वेळी शिक्के दोन.

तिसऱ्या दिवशी कुंपणावर दहा फुटी बॅनर लागला. त्यावर हात जोडलेले पाताडे आणि खाली मजकूर: 'शेवटपर्यंत सोबत उभे राहणारे आमचे काका.' विथ म्हणजे सोबत, स्टँड म्हणजे उभं राहणं. रतनच्या हिशेबात कुठेच चूक नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या विनितावहिनींनी शालनताईंशी बोलणं सोडलं आणि सेक्रेटरीच्या राजीनाम्यासाठी सह्या गोळा करायला घेतल्या.

आता पाताड्यांनी थेट वाक्प्रचार काढला. चार हात दूर ठेवा, थोपवून धरा, याला इंग्रजीत भारदस्त शब्द सापडला: 'कीप युवर ड्रम्स ॲट बे.'

सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्यांनीच मागच्या वर्षी गाड्यांच्या चौकोनांवर पांढऱ्या रंगात 'बे वन', 'बे टू' असं लिहून घेतलं होतं. संध्याकाळी चाळीस ढोल तिथे रांगेत येऊन बसले.

"थँक्यू काका!" रतन म्हणाला. "प्लॉटवर पावसात भिजायचे."

खालचा गलका कापसातूनही आत शिरला तशी संचिता धावत आली. तिने रतनच्या हातातली तिन्ही पत्रं वाचली आणि कपाळावर हात मारला. "बाबा, तुम्ही ह्यांना तीनदा आमंत्रण दिलंय!"

ढोल अजून वाजायचे होते. त्या शांततेत पाताडे कळवळून मराठीत म्हणाले, "अरे बाबांनो, पोरीची परीक्षा आहे. जा ना रे इथून!"

रतनचा चेहरा पडला. "काका, हे आधी बोलायचं ना! आम्ही निघालेलोच. टिटवाळ्याला मोकळी जागा मिळालेली, टेम्पोपण सांगितलेला. तेवढ्यात तुमचं पहिलं पत्र आलं. एवढा जीव लावणारा माणूस सोडून कसं जायचं, म्हणून टेम्पो कॅन्सल केला."

पाताडे मटकन 'बे टू'वर बसले. मग ताडकन उठून त्यांनी स्वतःच टेम्पोवाल्याला फोन लावला.

टेम्पो आला तसे ते बाह्या सरसावून ढोल चढवू लागले. एकेक ढोल छातीशी घट्ट धरून, घामाघूम होऊन, कुणालाही हात लावू न देता. शेवटचा ढोल चढल्यावर त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

रतनने डोळे पुसत पोरांना म्हटलं, "बघा रे, काकांना आपल्याला सोडवत नाहीये. दर रविवारी येऊन वाजवून जाऊ."