पाण्याशी संबंध नाही

“इकणाराच म्हणून राहिला का बिघडन, तर मंग आमी घ्याचाच काहून?” उत्तमराव सोनटक्क्यांनी दुकानातल्या नितेशला विचारले, आणि आजूबाजूची दोन गिऱ्हाइके ऐकताहेत ना, हेही बघून घेतले.

नितेश बिचारा फोन विकत होता. फोनबरोबर जास्तीची वॉरंटीही गळ्यात मारायची, असे त्याला मालकाने बजावलेले होते. “काकाजी, कंपनीची एक सालची हायेच. पण तिच्यात पडणं, फुटणं, पानी जाणं येत नाई. हा प्लॅन घेतला का थेबी येते.”

“आमाले पाडाचा नाई अन् पान्यातबी टाकाचा नाई. आन इकडं तुह्या अटींचा कागद.”

उत्तमरावांनी बत्तीस वर्षे पाटबंधारे खात्यात कारकुनी केली होती. छापील कागद दिसला की ते चष्मा पुसत. प्लॅनचा कागद त्यांनी उभ्या-उभ्या शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, तीन ठिकाणी हसले आणि परत केला. त्यांच्या पत्नी जयवंताबाई फोनचा खोका छातीशी धरून बाजूला उभ्या होत्या. “घेऊन टाकू ना,” त्या एकदा म्हणाल्याही, पण अटी वाचत असताना उत्तमरावांना ऐकू येत नसे.

खरे तर फोन जयवंताबाईंचा होता. दोन वर्षे साड्यांना फॉल-पिको करून, ब्लाउज शिवून त्यांनी तो घेतला होता, आणि तोही एकाच कारणासाठी. मुलगी रागिणी धारणीच्या पुढच्या एका गावात नर्स होती. तिथे रेंज फक्त एका टेकडीवर. मग ती आठवडाभर सवड मिळेल तसे बोलणे फोनमध्ये भरून ठेवी आणि रविवारी टेकडीवर चढून सगळे एकदम धाडी. आधी तिचे निरोप उत्तमरावांच्या फोनवर येत, उत्तमराव ते स्पीकरवर लावत आणि उत्तरही स्वतःच देत. आता मात्र जयवंताबाई फोन कानाला लावून स्वयंपाकघरात बसत. कधी हसण्याचा आवाज येई, कधी बराच वेळ काहीच येत नसे.

“काय म्हणते?” उत्तमराव दारातून विचारत.

“काई नाई. आमचं हाय.”

उत्तमरावांना हे लागत असे, पण तक्रार कोणत्या कलमाखाली करावी ते सुचत नसे.

मे महिना आला. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या भिंती दुपारी हात लावू देईनात. एके दिवशी जयवंताबाई शेजारच्या बिस्मिल्लाबींना ब्लाउज द्यायला गेल्या होत्या आणि फोन खिडकीत चार्जिंगला होता. उत्तमरावांनी सहज पाहिले, तर पडद्यावर लाल थर्मामीटर आणि खाली इंग्रजीत इशारा. हात लावला, तर फोन नुसता तापलेला.

आता अकोल्यात माणूस तापला की काय करतात, हे उत्तमरावांना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी उन्हात डोक्याला बांधायचा आपला दुपट्टा बादलीत बुडवला, पिळला, फोनला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळला आणि कूलरसमोर स्टुलावर ठेवला. दहा मिनिटांनी दुपट्टा सुकला म्हणून पुन्हा भिजवला. जयवंताच्या फोनला त्रास नको, एवढीच भावना होती आणि ती अगदी प्रामाणिक होती. मग कूलरचा वारा त्यांनाही लागला आणि त्यांचा डोळा लागला.

जागे झाले तेव्हा फोन थंडगार होता, आणि कायमचाच.

त्यांनी तो दाबला, हलवला, उन्हात धरला, तांदळाच्या डब्यात खुपसला. शेवटी बिस्मिल्लाबींच्या यजमानांना, इनायतुल्लांना हाक मारली. इनायतुल्ला पंपांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरायचे काम करत. त्यांनी फोन कानाशी हलवून पाहिला आणि चार्जिंगच्या भोकातून एक थेंब स्वतःच्या तळहातावर टपकवून दाखवला.

“भाऊ, हे माह्या हातचं काम नाई. भाभीले सच सांगून टाका. एक घंटा रागावन, बस.”

सल्ला फुकट होता आणि चांगलाही होता, म्हणून तो कोणी घेतला नाही. उत्तमरावांना अटी तोंडपाठ होत्या. आपोआप बंद पडला तर कंपनी भरून देते, पाणी गेले तर देत नाही. त्यांनी कोरा कागद घेतला, समास सोडला आणि सुवाच्य अक्षरात लिहिले: “अर्जदाराचा सदर मोबाइल आपोआप बंद पडला असून त्याचा पाण्याशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष, कोणत्याही प्रकारे संबंध आलेला नाही, हे मी शपथेवर नमूद करते.”

‘करते’, कारण बिल जयवंताबाईंच्या नावावर होते. “कंपनीले अर्ज लागते. इथं सही कर,” ते म्हणाले. बत्तीस वर्षे नवऱ्याच्या कागदांवर जिथे बोट दाखवले तिथे जयवंताबाईंनी सही केली होती. तशीच हीही केली.

“आपोआप बंद पडला ना? मंग कंपनीच देते,” त्या एवढेच म्हणाल्या आणि का कोण जाणे, त्यांना हायसे वाटल्यासारखे दिसले.

अकोल्यातले सर्व्हिस सेंटर बंद झाल्यामुळे अमरावतीला जावे लागले. भर उन्हात एसटीने दोघे पोचले. काउंटरवर प्राजक्ता नावाची बाई होती. तिला अर्ज नको होता, फोन हवा होता. पण उत्तमरावांनी अर्ज स्वीकारायला लावला, प्रतीवर पोच घेतली, आणि “माह्यासमोर कम्प्युटरवर चढवा” म्हणून तो चढवूनही घेतला.

अर्ध्या तासाने प्राजक्ता आतून आली. “काका, आत पाणी आहे. कंपनी नाही देणार.”

उत्तमराव अभ्यास करून आल्यासारखे अर्जाकडे बोट दाखवू लागले. तेवढ्यात जयवंताबाईंनी बटव्यातून एक घडी घातलेला कागद काढला आणि नवऱ्याकडे न बघता काउंटरवर ठेवला.

“मी फोन घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी जाऊन थो प्लॅन घेतला होता. पान्याचा. ह्यायले नाई सांगलं, खेकसले असते.”

“अरे वा! मग काम झालं काकू,” प्राजक्ता म्हणाली, आणि पुढच्याच क्षणी तिचा चेहरा पडला. “पण प्लॅनची कंपनी वेगळी आहे. तिला आपली फाइल दिसते. त्यात तुमच्या सहीनं लिहिलंय, पाण्याशी संबंधच आला नाही.”

“काढून टाका ना थो अर्ज,” उत्तमराव म्हणाले.

“आता कसा निघणार? तुम्हीच तर उभं राहून चढवायला लावला.”

जयवंताबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. उत्तमरावांनी सगळे सांगितले. खिडकी, थर्मामीटर, दुपट्टा. सांगताना त्यांचा आवाज लहान होत गेला.

“दोनदा भिजवला?” जयवंताबाईंनी विचारले.

“दोनदा.”

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरे झाले असते. त्यांनी प्राजक्ताला एवढेच विचारले, “याच्यातलं तिचं बोलणं निंगन का, बाई?”

“नाही काकू. आतलं सगळं गेलं.”

खरे काय ते लिहून द्या, मी पाठवून बघते, असे प्राजक्ताने सुचवले. उत्तमराव बाकावर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी काहीही न लपवता अर्ज लिहिला. पण हात कारकुनाचाच. “मी स्वतः, पूर्ण शुद्धीत व सर्व बाजूंचा विचार करून, दुपट्टा दोन वेळा भिजवून सदर मोबाइल त्यात गुंडाळला. यात माझ्या पत्नीचा काडीमात्र दोष नाही.” खाली सही केली आणि तारीखही घातली.

पंधरा दिवसांनी उत्तर आले: “प्लॅनमध्ये केवळ अपघाताने झालेले नुकसान येते. अर्जदाराच्या पतीने सर्व बाजूंचा विचार करून मोबाइल ओला केल्याचे स्वतः कबूल केले आहे. सबब दावा नामंजूर.” दुसऱ्या कोणाचे असते तर उत्तमरावांनी या पत्राच्या भाषेची तारीफ केली असती.

“मी नवा आनतो,” ते म्हणाले.

“नको. माह्याच पैशानं घेईन. टाइम लागन, लागू द्या.”

दोन रविवार रागिणीचे बोलणे आईच्या बंद फोनवरच गेले होते; तिसऱ्या रविवारी दुपारी उत्तमरावांचा फोन वाजला. रागिणीचा निरोप. त्यांनी स्पीकर बंद केला, फोन जयवंताबाईंच्या हातात दिला आणि निमूटपणे बाहेर ओट्यावर जाऊन उन्हात बसले. आज कितीही वेळ लागला तरी आत जायचे नाही, दारातून विचारायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते.

अर्ध्या मिनिटात जयवंताबाई बाहेर आल्या आणि फोन त्यांच्या पुढे धरला.

“काहून? झालं?”

“झालं. ‘बाबा, मी बरी हावो. तुमी गोळ्या वेळेवर घ्या. आईले सांगजा.’”

उत्तमरावांनी फोन उलटसुलट करून पाहिला, पडदा खालीवर सरकवून पाहिला. “बाकीचे कुठी गेले?”

“तुमच्या फोनवर थे एवढंच धाडते,” जयवंताबाई म्हणाल्या, आणि आत जाऊन मशीनवर बसल्या.