पन्नासाचा वाटा

अविनाश सरांच्या आलेखातली रेघ अकरा महिने आडवीच्या आडवी होती. पनवेलच्या मासळी बाजारात बोंबलांचा वाटा भर पावसात पन्नास रुपये, दिवाळीत पन्नास, होळीलाही पन्नास. विद्यापीठाने २०११ साली फर्मान काढलं होतं की अर्थशास्त्र सफरचंदांवर आणि मोटारींवर शिकवणं पुरे, आता आपल्या गावची उदाहरणं घ्या. सरांनी ते फारच मनावर घेतलं होतं. मागणी-पुरवठ्याचा नियम जगाला लागू असेल, पनवेलला नाही, असा त्यांना साक्षात्कार झाला होता. उद्या विद्यापीठाच्या सामंत बाई वर्गात बसून हाच पाठ बघणार होत्या. तो पसंत पडला तर सात वर्षं हंगामी असलेले सर कायम होणार होते.

"भाव का हलत नाही, हे बाजारातल्या त्या बोंबीलवाल्या मावशींना एकदा विचारा तरी," बायको सुनीता म्हणाली.

सर पक्के शाकाहारी. वर्षभर नाकाला रुमाल लावून दारातूनच भाव विचारायचे आणि आल्या पावली परतायचे. त्या दिवशी ते पहिल्यांदा आत, हौसा कोळणीच्या फळीपाशी गेले.

"बोटी बंद होत्या तेव्हाही पन्नासच?"

"पन्नासच. तवा वाट्याला तीन बोंबील, आता सात हायत." हौसाने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "भाव चढवला तं गिऱ्हाईक पाठ फिरवतं. वाट्यातला बोंबील कमी केला तं कुरकुरतं, पन घेतं. मास्तर, तुमी वरीसभर भाव इचारला, वाटा कदी बघितलाच नाय."

सरांचा रुमाल आपोआप खाली आला. ज्यासाठी पुस्तकाला तीन प्रकरणं लागतात, ते या बाईने ओल्या फळीवर मांडून ठेवलं होतं. त्यांना खरोखर भरून आलं आणि भर बाजारात त्यांनी हात जोडले. मग त्यांना उद्याचा पाठ आठवला.

"उद्या कॉलेजात येऊन हेच सांगाल, मावशी? एक तास. मानधन तीनशे. ठरलेला आकडा आहे, वाढवता येत नाही."

"नका वाढवू. तीनशेच द्या."

दुसऱ्या दिवशी हौसाने टेबलावर केळीचं पान पसरून खरेखुरे वाटे लावले. बर्फ महागला की काय होतं, श्रावणात काय होतं, सगळं तिने बोंबील उचलून आणि ठेवून दाखवलं. एरवी डुलक्या घेणारी पोरं बाकांवर उभी राहून बघत होती. शेवटच्या बाकावर सामंत बाई लिहायचं विसरून गेल्या होत्या. आणि विसाव्या मिनिटाला हौसाने बोंबील गोळा करून टोपली उचलली.

सर टेबलापाशी धावले. "मावशी, अजून चाळीस मिनिटं आहेत."

"आसतील. तीनशेत एवराच वाटा बसतो, मास्तर."

सामंत बाईंनी सरांना कायम करण्याच्या कागदावर सही केली, फाइल बाजूला सारली आणि विद्यार्थिनीसारखा हात वर केला.

"मावशी, आणखी एक वाटा लावा," त्या म्हणाल्या. "पैसे मी देते."